४५ दिवसांचे पिल्लू आणि तिसऱ्या दिवशी पार्व्हो: ब्रीडरकडून काय मागता येते

पिंपरी-चिंचवडच्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी नाशिकच्या एका ब्रीडरकडून, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणाऱ्याकडून, लॅब्रॅडॉरचे पिल्लू २२,००० रुपयांना घेतले. जाहिरातीत "४५ दिवसांचे, निरोगी, लसीकरण झालेले" असे लिहिले होते. पैसे ब्रीडरच्या पत्नीच्या खात्यावर यूपीआयने गेले. बिल मिळाले नाही, फक्त लसीकरणाचे कार्ड मिळाले. शनिवारी पिल्लू घरी आले, सोमवारी रात्री उलट्या सुरू झाल्या, मंगळवारी रक्ताची हगवण लागली आणि दवाखान्यात केलेली पार्व्होची (पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) किट चाचणी पॉझिटिव्ह आली. सहा दिवस सलाईनवर काढून पिल्लू वाचले, मात्र खर्च ३१,००० रुपयांवर गेला. ब्रीडरचे म्हणणे असे की, जिवंत जनावराची गॅरंटी नसते, चाळिसाव्या दिवशी लस दिलेली होती, संसर्ग तुमच्याच घरी झाला. हवे तर हे पिल्लू परत आणा आणि दुसरे घेऊन जा. कार्डाच्या मागे "२४ तासांनंतर आरोग्याची जबाबदारी आमची नाही" असे छापलेलेही आहे. अशा स्थितीत कायद्याने काही मिळू शकते का, हा त्यांचा प्रश्न आहे.

मिळू शकते, आणि हाती असलेल्या कागदांवरून पाहता बाजू बरीच भक्कम आहे. बावीस वर्षे ग्राहक आयोगासमोर (पूर्वीच्या ग्राहक मंचासमोर) वकिली करताना आजारी पिल्लांची जी प्रकरणे माझ्याकडे आली, त्यांत एक गोष्ट वारंवार दिसली. तक्रारदार गॅरंटी दिली होती की नव्हती यावर भांडत बसतो, आणि निकाल मात्र तारखांवर लागतो. पिल्लाचा जन्म कधी झाला, लस कधी टोचली, ताबा कधी मिळाला, पहिले लक्षण कधी दिसले आणि चाचणी कधी झाली, या पाच तारखा कागदाने सिद्ध झाल्या की उरलेला वाद पुष्कळ सोपा होतो.

आधी कायद्याची चौकट पाहू. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि मालविक्रीचा १९३० चा कायदा, या दोन्हींच्या दृष्टीने कुत्रा ही जंगम मालमत्ता, म्हणजेच "माल" आहे. घरच्या माणसासारख्या जिवाला माल म्हणणे कानाला बरे वाटत नाही, हे मी जाणतो. पण याच व्याख्येमुळे खरेदीदाराला सदोष मालाविषयीचे सर्व हक्क मिळतात. २०१९ च्या कायद्यात दोषाची व्याख्या व्यापक आहे. कायद्याने आवश्यक ठरवलेल्या, करारात अभिप्रेत असलेल्या किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेल्या दर्जात आढळणारी उणीव म्हणजे दोष. जाहिरातीतील "निरोगी" हा शब्द असा दावा ठरतो. स्वतंत्र गॅरंटीकार्ड नसले तरी चालते. व्हॉट्सॲपवर ब्रीडरने लिहिलेले "एकदम हेल्दी आहे, काळजी करू नका" हे वाक्यही पुरते.

मालविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली असेल, तर ती विक्रीयोग्य दर्जाची असावी ही अट करारात गृहीत धरली जाते. खरेदीदाराने वस्तू तपासली असल्यास त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांपुरती ही अट गळून पडते. म्हणून विक्रेत्याचे वकील हमखास विचारतात, "पिल्लू हातात घेऊन पाहिले होते ना?" जरूर पाहिले असेल, पण अंगात शिरलेला आणि अजून लक्षण न दाखवणारा विषाणू हातात घेऊन पाहिल्याने दिसत नाही. लंगडणे, डोळ्यावरचे पटल किंवा नाभीजवळची गाठ यांसारख्या उघड दिसणाऱ्या दोषांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप खरोखर अडचणीचा ठरतो.

"गॅरंटी नाही" असे छापून विक्रेता हात वर करू शकतो का, याचे उत्तर सरसकट नाही असे नाही. स्पष्ट कराराने गृहीत अटी वगळता येतात, असे मालविक्री कायद्याचे कलम ६२ सांगते. इंग्लंडमध्ये १८७८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने वॉर्ड विरुद्ध हॉब्ज या खटल्यात, बाजारात "सर्व दोषांसहित" म्हणून विकलेली डुकरे रोगी निघाली आणि त्यांनी खरेदीदाराची इतर डुकरेही बाधित केली, तरी विक्रेत्याला जबाबदार धरले नव्हते. हा निकाल आजही कोणी ना कोणी वकील काढतोच. पण त्या विक्रेत्याने डुकरे निरोगी असल्याचे म्हटलेच नव्हते. आपल्या ब्रीडरने पिल्लू निरोगी असल्याची जाहिरात केली आहे. शिवाय कार्डावरील सूचना आपल्या हातात पैसे दिल्यानंतर आली. सौदा पुरा झाल्यावर दिलेल्या कागदावरील अट खरेदीदाराने मान्य केली होती, असे सहजासहजी म्हणता येत नाही. पार्व्होसारखा रोग २४ तासांत दिसतच नाही, तेव्हा ती मुदत दाखवण्यापुरतीच आहे, हाही मुद्दा तक्रारीत जरूर लिहावा. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे आणि बिल न देणे, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या कायद्यातील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत स्वतंत्रपणे नमूद आहेत.

आता या प्रकरणातील सर्वांत मोलाच्या मुद्द्याकडे वळतो, आणि तो ब्रीडरने स्वतःच जाहिरातीत छापून दिला आहे. केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी अधिसूचित केलेल्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा, म्हणजे ५६ दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. "४५ दिवसांचे पिल्लू" हा आपल्याकडच्या बाजारातील इतका रुळलेला शब्दप्रयोग आहे की आपण नियमभंगाची लेखी कबुली देत आहोत, हे विकणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. त्याच नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, पिल्लाला मायक्रोचिप बसवावी लागते, विक्रीची पावती द्यावी लागते आणि नोंदी ठेवाव्या लागतात. केनेल क्लबचे (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) प्रमाणपत्र म्हणजे ही नोंदणी नव्हे. ते वंशावळीपुरते असते, आरोग्याबद्दल किंवा परवानगीबद्दल काहीही सांगत नाही. दुकानातून घेतलेल्या मांजर, ससा किंवा पक्ष्यासाठी २०१८ चे पेट शॉप नियम आहेत आणि आठ आठवड्यांची अट मांजराच्या पिल्लालाही लागू आहे. दोषाच्या व्याख्येत "कायद्याने आवश्यक ठरवलेला दर्जा" हे शब्द आहेत, त्यामुळे नियमभंग हा केवळ सरकार आणि ब्रीडर यांच्यातला मामला राहत नाही, तो आपल्या तक्रारीचा आधार बनतो.

लस दिली होती, या बचावाचे उत्तरही त्याच ५६ दिवसांत आहे. लहान पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) असतात आणि ती लसीला काम करू देत नाहीत. म्हणूनच लसींची मालिका साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून पुढे सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी चालवतात. चाळिसाव्या दिवशी टोचलेल्या एका डोसाच्या भरवशावर पिल्लू सुरक्षित होते असे कोणताही पशुवैद्य लिहून देणार नाही, आणि संरक्षण तयार होण्याआधीच ते विकले ही ब्रीडरची निवड होती.

कार्ड मात्र बारकाईने पाहा. लसीच्या कुपीवरचे स्टिकर काढून कार्डावर चिकटवलेले असते. त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि मुदत असते. त्याशेजारी पशुवैद्याची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. काही वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणात लस टोचल्याची तारीख ११ फेब्रुवारी होती आणि त्याच स्टिकरवर उत्पादनाचा महिना मार्च होता. जी लस तयारच झाली नव्हती, ती पिल्लाला टोचल्याचे कार्ड सांगत होते. तक्रारदाराने ते कार्ड चार महिने फाइलमध्ये जपले होते, पण स्टिकर भिंगाखाली कोणी पाहिले नव्हते. त्या एका ओळीनंतर ब्रीडरचे म्हणणे कोसळले. आपल्या कार्डावर सही आहे पण नोंदणी क्रमांक नाही, असे आपण कळवले आहे. त्या डॉक्टरांचे नाव राज्य पशुवैद्यक परिषदेच्या यादीत आहे का, हे लेखी विचारा.

"संसर्ग तुमच्याकडे झाला" हा आरोप तारखांच्या हिशेबाने सुटतो. पार्व्होचा अधिशयन काळ, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, सहसा तीन ते सात दिवसांचा असतो, क्वचित दोन आठवड्यांपर्यंत जातो. पिल्लू शनिवारी आले आणि सोमवारी रात्री उलट्या झाल्या, म्हणजे मध्ये जेमतेम अडीच दिवस गेले. विषाणू शनिवारच्या आधीच शिरला होता, हे अनुमान यातून सहज निघते. हेच लक्षण दहाव्या दिवशी दिसले असते, तर मी इतक्या खात्रीने लिहिले नसते. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाचा काळ याहून लांब असू शकतो, त्यामुळे तिथे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली लक्षणेही ब्रीडरच्या आवाराकडे बोट दाखवू शकतात. हिप डिस्प्लेसिया (खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ) किंवा पर्शियन मांजरांतील मूत्रपिंडाच्या गाठींसारखे अनुवांशिक आजार तर कित्येक महिन्यांनी उघड होतात. तिथे एक्स-रे, सोनोग्राफी किंवा जनुकीय चाचणीचा अहवाल आणि शक्य झाल्यास आई-बापाच्या तपासणीची मागणी, या मार्गाने जावे लागते.

विरुद्ध बाजू एक प्रश्न उपस्थित करील, त्याची तयारी आजच करा. पिल्लाला चाळिसाव्या दिवशी लस दिली असे ब्रीडर म्हणतो आणि चाचणी अठ्ठेचाळिसाव्या दिवशी झाली. जिवंत विषाणूची लस दिल्यानंतर काही दिवस तो सौम्य विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि त्यामुळे किटवर कधीकधी फिकट रेघ उमटते. "ही लसीचीच रेघ आहे," असा युक्तिवाद मी स्वतः ऐकला आहे. त्याला उत्तर म्हणजे किटचा फोटो, पांढऱ्या पेशी घटल्याचे दाखवणारा रक्ताचा अहवाल आणि रक्ताच्या हगवणीची केसपेपरवरील नोंद. लसीमुळे पांढऱ्या पेशी कोसळून रक्ताची हगवण लागत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नुसते "पार्व्हो पॉझिटिव्ह" असे प्रमाणपत्र घेऊन येऊ नका. पिल्लू कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या लक्षणांसह आणले गेले, त्याचे अंदाजे वय किती होते, आणि रोगाचा अधिशयन काळ पाहता संसर्ग ताबा मिळण्यापूर्वीचा असण्याची शक्यता किती आहे, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या आणि पुढे त्यांचे शपथपत्र दाखल करा. चांगले डॉक्टर बहुधा नाही म्हणत नाहीत. कोर्टाच्या फेऱ्यांची भीती त्यांना वाटते, आणि आयोगासमोरचे बहुतेक काम शपथपत्रावर होते हे सांगितले की ती कमी होते.

ज्यांचे पिल्लू वाचले नाही त्यांच्यासाठी एक कठोर वाटणारी सूचना करणे भाग आहे. दुःखात घाईने पुरून टाकू नका. शव थंड ठेवावे, पण गोठवू नये, कारण गोठल्याने ऊती तपासण्यालायक राहत नाहीत. आणि लवकरात लवकर मुंबईत परळ येथील किंवा सातारा जिल्ह्यात शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शवविच्छेदनाची चौकशी करावी. त्या अहवालाला पर्याय देणारा दुसरा पुरावा नाही.

पिल्लू परत द्यावे का, हा आपल्या घरातील सर्वांना सतावणारा प्रश्न आहे. सहा रात्री जागून वाचवलेले पिल्लू परत देण्यास मुले तयार नाहीत, हे आपण लिहिले आहे, आणि कायद्यानेही ते द्यावेच लागते असे नाही. मालविक्री कायद्यानुसार माल स्वीकारल्यावर खरेदीदाराचा नाकारण्याचा हक्क सहसा संपतो, पण नुकसानभरपाईचा हक्क शाबूत राहतो. म्हणजे पिल्लू ठेवून पूर्ण किंमत परत मागणे अवघड जाईल; उपचाराचा सर्व खर्च, आजारामुळे किमतीत आलेली घट, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागणे मात्र रास्त आहे. खर्च किमतीपेक्षा जास्त आहे, हे पाहून कचरू नका. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात आजारी पिल्लांसाठी वेगळा कायदा आहे, त्यात संसर्गजन्य आजारासाठी १४ दिवसांची आणि जन्मजात दोषासाठी एक वर्षाची मुदत आहे, पण पिल्लू ठेवून घेतल्यास दवाखान्याच्या खर्चाची भरपाई खरेदीच्या किमतीपुरतीच मिळते. आपल्याकडे असा खास कायदा नाही, त्यामुळे तशा ठरीव मुदतींची सोय नाही, आणि किमतीची ती कमाल मर्यादाही नाही. दुसरे पिल्लू स्वीकारण्याचा प्रस्ताव मात्र दोन कारणांनी नाकारावा. पार्व्होचा विषाणू फरशीवर, अंथरुणात आणि अंगणात कित्येक महिने टिकतो, तेव्हा त्याच घरात ४५ दिवसांचे आणखी एक पिल्लू आणणे म्हणजे तोच प्रसंग पुन्हा ओढवून घेणे होईल. आणि बदली पिल्लू देताना "आता काही मागणी नाही" अशा मजकुरावर सही घेतली जाते, जी पुढे तक्रारीचा गळा घोटते.

पहिले पाऊल म्हणून लेखी नोटीस पाठवा. कायद्याने ती बंधनकारक नाही, पण ती आपली हकिकत ताज्या तारखेने नोंदवते आणि निम्मी प्रकरणे तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. स्पीड पोस्ट, ईमेल आणि व्हॉट्सॲप अशा तिन्ही मार्गांनी ती पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला हरकत नाही, पण ती केवळ मध्यस्थी करते, आदेश देत नाही. उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. ब्रीडर नाशिकचा असला तरी तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला पुण्याबाहेर जावे लागणार नाही. परराज्यातील ब्रीडरकडून इन्स्टाग्रामवरून पिल्लू मागवणाऱ्यांना ही तरतूद फार उपयोगी पडते. मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. ब्रीडर आणि ज्यांच्या खात्यावर पैसे गेले त्या त्याच्या पत्नी, दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा, नाहीतर "मी विकलेच नाही, पैसे मला मिळालेच नाहीत" असा खेळ सुरू होतो. व्हॉट्सॲप संभाषणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र जोडावे. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षांची तयारी ठेवा. मानसिक त्रासापोटी लाखो रुपये मागणारी तक्रार मी लिहीत नाही, कारण फुगवलेला आकडा खऱ्या बिलांवरचा विश्वासही कमी करतो.

दोन मर्यादा सांगून ठेवतो. पिल्लू पैदाशीच्या धंद्यासाठी घेतले असेल, तर खरेदीदार सहसा "ग्राहक" ठरत नाही. आणि कोणी घरच्या कुत्रीचे एखादे पिल्लू एकदाच विकले असेल, तर त्याला व्यापारी ठरवणे कठीण जाते व दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो.

पोलिसांकडे जाण्याबाबत आपण विचारले आहे. विक्रीच्या वेळीच फसवण्याचा हेतू होता हे दाखवणारा पुरावा, जसे की बनावट लसीकरण कार्ड, हाती असेल तरच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीची तक्रार टिकते. एरवी पोलीस ठाण्यातून "हे दिवाणी आहे" असेच उत्तर मिळेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते, पण त्यातील कलम ११ चा पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड १० ते ५० रुपये आहे. आपल्या सलाईनच्या एका बाटलीचे पैसेही त्यातून निघणार नाहीत. तरीही विनानोंदणी पैदास चालू असल्याची तक्रार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे आणि जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांकडे करावी, कारण तपासणीचा अहवाल निघाला तर तो आयोगासमोर वापरता येतो. १९६० च्या कायद्याखालील खटल्याची मुदत गुन्हा घडल्यापासून फक्त तीन महिने आहे, तेव्हा आयोगाच्या दोन वर्षांच्या मुदतीवर विसंबून हे काम मागे टाकू नका.

शेवटी, आपल्या संदेशातील एका ओळीकडे आपले स्वतःचे लक्ष गेलेले दिसत नाही. ब्रीडरने त्याच वेतातील सहा पिल्लांचा एकत्र फोटो टाकला होता आणि त्याखाली चार जणांनी आपण पिल्लू नेल्याचे लिहिले होते, असे आपण म्हटले आहे. त्या चौघांपैकी एकाच्याही पिल्लाला त्याच आठवड्यात पार्व्हो झाला असेल, तर "संसर्ग तुमच्या घरी झाला" हे म्हणणे दोन वेगळ्या शहरांतील दोन घरांबाबत एकाच वेळी करावे लागेल, आणि ते कोणताही आयोग मान्य करणार नाही. त्या फोटोचे आणि खालच्या प्रतिसादांचे तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट नोटीस पाठवण्यापूर्वी घ्या. नोटीस पोचली की तो फोटो तिथे राहणार नाही.